तळघरातलं लॉ स्कूल : हेमन स्वेट यांच्या प्रवेश अर्जाचं प्रकरण

२६ फेब्रुवारी १९४६ रोजी ऑस्टिनमधल्या टेक्सस विद्यापीठात तेहेतीस वर्षांचा एक पोस्टमन आपली गुणपत्रकं घेऊन हजर झाला. त्याला लॉ स्कूलमध्ये प्रवेश हवा होता. हाताशी पदवी होती, गुण पुरेसे होते, रहिवास टेक्ससचाच होता. अर्ज नामंजूर झाला. अर्जदार काळा आहे, एवढं एकच कारण होतं. विद्यापीठानेही दुसरं कारण शोधायचा प्रयत्न केला नाही.

‘स्वेट विरुद्ध पेंटर’ हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९५० सालचा निकाल बहुतेक पुस्तकांत शाळांमधलं वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ‘ब्राऊन’ खटल्याच्या आधीची एक पायरी म्हणून दोन-चार ओळींत उरकला जातो. मला हे प्रकरण वेगळ्या कारणासाठी सविस्तर मांडावंसं वाटलं. लॉ स्कूलमध्ये प्रवेश मिळतो म्हणजे माणसाला नेमकं काय मिळतं, हा प्रश्न इथे साक्षीदार बोलावून, पुस्तकं मोजून, उलटतपासण्या घेऊन तपासला गेला. आणि ज्याच्या अर्जावरून हे सगळं झालं, त्याला पुढे त्याच शाळेत बसायला मिळालं तेव्हा त्याचं काय झालं, हेही आपल्याला माहीत आहे. निकालाच्या गौरवात हा दुसरा भाग बहुतेकदा गळून जातो. या लेखाचं कारण तोच आहे.

अर्जदार

हेमन मॅरियन स्वेट यांचा जन्म १९१२ चा, ह्यूस्टनचा. १९३४ मध्ये ते टेक्ससमधल्याच मार्शल गावच्या वायली कॉलेजातून पदवीधर झाले. काही काळ शिक्षकी केली, १९३७ मध्ये मिशिगन विद्यापीठात थोडं शिक्षण घेतलं, ते अर्धवट राहिलं, आणि ह्यूस्टनला परतून ते टपाल खात्यात लागले. तिथे काळ्या कर्मचाऱ्यांना कारकुनी जागांवर बढती मिळत नसे. कर्मचारी संघटनेच्या कामात या अन्यायाची कागदपत्रं वकिलासाठी तयार करता करता त्यांना कायद्याची गोडी लागली. हे मला फार मोलाचं वाटतं. ‘वकील व्हायचंय’ हे पुष्कळजण म्हणतात. या माणसाने आधी तक्रारीचे मसुदे हाताळले होते, त्यातली वाक्यं कुठे अडतात ते पाहिलं होतं, आणि मग अर्ज केला होता.

अर्थात हा अर्ज एकट्याचा नव्हता. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संघटना टेक्ससमध्ये असा खटला लढवायला वादी शोधत होती. लायक उमेदवार मिळणं सोपं नव्हतं. नाव जाहीर झालं की नोकरी जाण्याची, घरावर दगड येण्याची भीती होती. संघटनेच्या ह्यूस्टन शाखेच्या लुलू व्हाइट यांच्या प्रयत्नांतून स्वेट पुढे आले. त्या दिवशी विद्यापीठात ते शिष्टमंडळासह गेले आणि विद्यापीठाचे प्रमुख थिओफिलस पेंटर यांना भेटले. पेंटर हे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, हे त्यांचं १९२३ चं मोजमाप १९५६ पर्यंत जगभर ग्राह्य धरलं जात होतं (खऱ्या जोड्या २३). खटल्याच्या नावात त्यांचं नाव आलं ते विद्यापीठाचे प्रमुख म्हणून. अर्जावर निर्णय द्यायचा तर राज्याच्या महाधिवक्त्यांचं मत हवं, असं त्यांनी सांगितलं. मार्चमध्ये ते मत आलं : राज्यघटनेप्रमाणे शिक्षण वेगवेगळंच राहील.

सहा महिन्यांची मुदत

१८९६ च्या ‘प्लेसी’ निकालाने ‘वेगळं पण समान’ हे तत्त्व घटनेत बसवून ठेवलं होतं. रेल्वेचा डबा वेगळा असला तरी चालेल, मात्र तो समान हवा. डब्याच्या बाबतीत ही समानता निदान बाकं मोजून दाखवण्याचा आव तरी आणता येत होता. लॉ स्कूलच्या बाबतीत दक्षिणेतल्या राज्यांची अडचण अशी की वेगळं लॉ स्कूल बहुतेक ठिकाणी नव्हतंच. मिझुरी राज्याने लॉइड गेन्स या अर्जदाराला सांगितलं होतं, शेजारच्या राज्यात जा, शुल्काचा खर्च आम्ही देतो. १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. जे शिक्षण राज्य गोऱ्यांना आपल्या हद्दीत देतं, ते काळ्यांनाही हद्दीतच द्यावं लागेल, असा तो निकाल होता. गेन्स पुढच्याच वर्षी शिकागोत बेपत्ता झाले. ते पुन्हा कधीच सापडले नाहीत. स्वेट यांनी आपलं नाव पुढे केलं तेव्हा ही गोष्ट फार जुनी झालेली नव्हती.

मे १९४६ मध्ये ट्रॅव्हिस काउंटीच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला. न्यायाधीश रॉय आर्चर यांनी स्वेट यांच्यावर अन्याय होतोय हे मान्य केलं, पण प्रवेशाचा हुकूम काढला नाही. सहा महिन्यांत काळ्यांसाठी समान दर्जाचं लॉ स्कूल उभं करा, अशी राज्याला मुदत दिली. टेक्ससच्या १८७६ च्या राज्यघटनेत काळ्यांसाठी विद्यापीठ उभारण्याचं वचन होतं आणि ते सत्तर वर्षं तसंच पडून होतं. आता मात्र धावपळ सुरू झाली. १९४७ च्या मार्चमध्ये विधिमंडळाने ह्यूस्टनमध्ये ‘टेक्सस स्टेट युनिव्हर्सिटी फॉर नीग्रोज’ स्थापण्याचा कायदा केला. ती उभी राहीपर्यंतची सोय म्हणून ऑस्टिनमध्येच, राज्याच्या विधान भवनाजवळच्या एका इमारतीच्या तळघरात खोल्या घेतल्या गेल्या आणि १० मार्च १९४७ ला तिथे लॉ स्कूल ‘सुरू’ झालं.

स्वेट यांना तिथे प्रवेश देऊ केला गेला. त्यांनी नाव नोंदवलं नाही. पहिल्या दिवशी कुणीच नोंदवलं नाही.

एका विद्यार्थ्याचा वर्ग

खटला पुन्हा आर्चर यांच्यापुढे आला तो मे १९४७ मध्ये. आता प्रश्न बदलला होता. तळघरातली शाळा आणि चाळीस-पन्नास वर्षं नावाजलेलं टेक्सस लॉ स्कूल, ही दोन समान आहेत का? स्वेट यांच्या बाजूने एनएएसीपीचे वकील थर्गुड मार्शल आणि डॅलसचे वकील डब्ल्यू. जे. डरहॅम उभे होते. राज्याच्या बाजूने महाधिवक्ता प्राइस डॅनियल.

मार्शल यांच्यासाठी हा विषय पुस्तकी नव्हता. मेरीलँड विद्यापीठाचं लॉ स्कूल त्यांच्या बाल्टिमोर शहरातच होतं, पण काळ्यांना तिथे दार बंद. म्हणून ते रोज वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठात जात. १९३३ मध्ये ते तिथून वर्गात पहिले येऊन बाहेर पडले, आणि दोन-तीन वर्षांतच आपले गुरू चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्यासह डोनाल्ड मरे यांचा खटला लढवून त्यांनी मेरीलँडचं तेच दार उघडून घेतलं.

राज्याचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता. शिकवणारे प्राध्यापक तेच. अभ्यासक्रम तोच. परीक्षेचा दर्जा तोच. ग्रंथालयासाठी दहा हजार पुस्तकांची मागणी नोंदवलेली, आणि विधान भवनातलं न्यायालयाचं ग्रंथालय चार पावलांवर. टेक्सस लॉ स्कूलचे डीन चार्ल्स मॅकॉर्मिक हे पुराव्याच्या कायद्यातलं मोठं नाव. या नव्या शाळेचे डीनही तेच होते. त्यांनी साक्ष दिली की शिक्षण समान आहे. उलट तळघरात विद्यार्थ्याला प्राध्यापक जास्त वेळ देऊ शकतील, असाही सूर राज्याने लावला. गोऱ्यांच्या शाळेत आठशेपन्नास विद्यार्थी, इथे एकाला तीन-चार प्राध्यापक. यात तोटा कुणाचा?

इथे थोडं थांबायला हवं. शिकवणी लावावी तसं कायद्याचं शिक्षण घेता आलं असतं तर राज्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. पण हार्वर्डमध्ये ख्रिस्तोफर लँगडेल यांनी १८७० पासून जी पद्धत रुजवली, ती नेमकी याच्या उलट होती. प्राध्यापक व्याख्यान देत नाही. तो निकालपत्र वाचून यायला सांगतो आणि एकाला उभं करून विचारतो : तथ्यं काय होती, न्यायालय काय म्हणालं, यातली एक गोष्ट बदलली तर निकाल बदलेल का? उभा राहिलेला अडखळतो. मागच्या बाकावरचा त्याला खोडतो. तिसरा त्या दोघांना पटणार नाही अशी बाजू मांडतो. विद्यार्थी शिकतो तो या खोडाखोडीतून. समोरच्याचा मुद्दा आपल्या मुद्द्यापेक्षा बळकट आहे हे लक्षात येऊन पोटात खड्डा पडतो, तो क्षण पुस्तकात मिळत नाही. एकच विद्यार्थी असेल तर त्याला खोडणार कोण? प्राध्यापकच. आणि प्राध्यापकापुढे विद्यार्थी वाद घालत नाही, तो उत्तर देतो.

मार्शल यांनी पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या लॉ स्कूलचे डीन अर्ल हॅरिसन यांना साक्षीला आणलं ते हेच सांगायला. वर्गातली देवाणघेवाण काढून टाकली तर त्याला कायद्याचं शिक्षण म्हणता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शिकागो विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट रेडफिल्ड यांनी दुसऱ्या अंगाने साक्ष दिली : शिकण्याच्या क्षमतेत वंशानुसार फरक असल्याचा वैज्ञानिक आधार नाही, आणि माणसांना वेगळं ठेवण्याने दोन्ही बाजूंच्या शिक्षणाचं नुकसान होतं. खटल्यात या साक्षी नोंदल्या गेल्या हीच मोठी कमाई होती. आर्चर यांनी निकाल राज्याच्या बाजूने दिला, अपील न्यायालयाने तो १९४८ मध्ये कायम केला. मार्शल यांना हे अपेक्षित असणार. त्यांचं लक्ष वरच्या न्यायालयाकडे होतं, आणि वर जाताना सोबत न्यायची शिदोरी म्हणजे ही नोंद.

जागा घ्यावी की नाकारावी

या प्रकरणातला मला सगळ्यात अवघड वाटणारा निर्णय न्यायाधीशांचा नाही. तो अर्जदाराचा आहे.

स्वेट यांनी तळघरातली जागा घेतली असती तर खटल्याचा पायाच गेला असता, पण तीन वर्षांत ते वकील झाले असते. नाकारली तर खटला जिवंत राहणार, आणि आयुष्यातली वर्षं जाणार. स्वतः काळ्या समाजातही याबाबत एकमत नव्हतं. ह्यूस्टनच्या ‘इन्फॉर्मर’ या वृत्तपत्राचे प्रकाशक आणि स्वतः वकील असलेले कार्टर वेस्ली यांचं मत होतं की स्वेट यांची लढाई चालू द्या, पण राज्य सरकार काळ्यांच्या नव्या विद्यापीठाला पैसे देत असेल तर तेही घ्या, मुलांना आज शिकायचंय. मार्शल यांना हे धोक्याचं वाटत होतं. वेगळी शाळा आपणच स्वीकारली तर वेगळेपणाला आपलीच संमती दिल्यासारखं होईल, ही त्यांची भीती. दोघांत जाहीर खटके उडाले.

मी वेस्ली यांना चूक म्हणू शकत नाही. कारण हेन्री डॉइल. त्यांनी त्या नव्या लॉ स्कूलमध्ये नाव घातलं, तिथले पहिले पदवीधर झाले, टेक्ससमध्ये वकिलीची सनद मिळवली आणि पुढे १९७८ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयावर न्यायाधीश झाले. ती शाळा टिकली. आज ती थर्गुड मार्शल यांच्याच नावाने ओळखली जाते. जी जागा एकाने तत्त्वासाठी नाकारली, तीच दुसऱ्याने घेतली आणि तिचं सोनं केलं. तरीही स्वेट यांनी नकार दिला नसता तर पुढचा निकाल आलाच नसता, आणि वेगळ्या शाळेला पैसे मिळाले तेही त्यांच्या दाव्याच्या धाकानेच. डॉइल यांची जागा स्वेट यांच्या नकारावर उभी होती, हे दोन्ही बाजूंच्या समर्थकांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे.

५ जून १९५०

सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाले एप्रिल १९५० मध्ये. केंद्र सरकारच्या न्याय विभागाने स्वेट यांच्या बाजूने म्हणणं मांडलं. कायद्याच्या प्राध्यापकांच्या एका मोठ्या गटानेही मांडलं. निकाल एकमताने लागला आणि तो सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांनी लिहिला. खंडपीठावरचे टॉम क्लार्क हे टेक्ससचेच, आणि याच लॉ स्कूलचे माजी विद्यार्थी होते.

निकालपत्र लहान आहे. आधी मोजता येणाऱ्या गोष्टी येतात. टेक्सस लॉ स्कूल : १६ पूर्णवेळ आणि ३ अर्धवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी, ६५,००० वर ग्रंथ, कायदेविषयक नियतकालिक, मूट कोर्ट (सरावासाठीचं नकली न्यायालय), शिष्यवृत्त्या. ह्यूस्टनमधली नवी शाळा : ५ पूर्णवेळ प्राध्यापक, २३ विद्यार्थी, सुमारे १६,५०० ग्रंथ, आणि सनद मिळालेला एक माजी विद्यार्थी. तेवढ्यावरच असमानता सिद्ध होत होती. पण व्हिन्सन तिथे थांबले नाहीत. लॉ स्कूल मोठं होतं ते मोजमापात न सापडणाऱ्या गुणांमुळे, असं ते म्हणतात : अध्यापकांचा लौकिक, कारभाराचा अनुभव, माजी विद्यार्थ्यांचं स्थान आणि वजन, समाजातली पत, परंपरा. कायदा ही व्यवहारात उतरून करायची गोष्ट आहे, विचारांच्या देवाणघेवाणीपासून तोडलेल्या पोकळीत ती शिकायला वकिली केलेला कुणीही तयार होणार नाही. आणि राज्यातले ८५ टक्के लोक ज्या शाळेत येऊच शकत नाहीत, त्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या वकिलाला पुढे गाठ पडणार ती याच लोकांशी. बहुतेक वकील, साक्षीदार, ज्युरीतले नागरिक, न्यायाधीश त्यांच्यातलेच.

राज्याचा एक मुद्दा असा होता की काळ्यांच्या शाळेत गोऱ्यांनाही प्रवेश नाही, म्हणजे बंधन दोघांवर सारखंच आहे. दोन्ही शाळांत जायची मोकळीक असलेला कुणी विद्यार्थी यांपैकी कोणती निवडेल, हा प्रश्नच गंभीरपणे विचारण्याजोगा नाही, असं न्यायालयाने सुनावलं. ‘प्लेसी’ मात्र उलथवला नाही. त्याची गरज नाही म्हणून ते दार बंद ठेवलं. स्वेट यांना टेक्सस लॉ स्कूलमध्ये घ्या, एवढाच हुकूम.

त्याच दिवशी ‘मॅक्लॉरिन’ खटल्याचाही निकाल लागला. ओक्लाहोमा विद्यापीठाने जॉर्ज मॅक्लॉरिन या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला प्रवेश दिला होता, पण त्याचं बाक वर्गालगतच्या वेगळ्या खोलीत, ग्रंथालयातलं टेबल माळ्यावर, खानावळीतलं टेबलही निराळं. न्यायालयाने ती अंतर्गत बंधनंही रद्द केली. ही दोन प्रकरणं एकत्र वाचायला हवीत. एकात शाळेच्या बाहेर ठेवलेला माणूस आहे, दुसऱ्यात आत घेऊन बाहेर ठेवलेला.

सप्टेंबर १९५० नंतर

स्वेट वर्गात बसले तेव्हा सदतीस वर्षांचे होते. विद्यार्थी म्हणून बाकावर बसल्याला डझनभर वर्षं उलटली होती. चार वर्षांचा खटला, भाषणं, धमक्या आणि पैशांची ओढाताण यांनी तब्येत आधीच पोखरली होती. अनेक सहाध्यायी आणि प्राध्यापक चांगले वागले, तशा नोंदी आहेत. पण पहिल्याच सत्रात आवारात क्रूस जाळला गेला (काळ्यांना धमकावण्याची वंशद्वेष्ट्यांची जुनी रीत), आणि त्यांच्या गाडीचे टायर कापले गेले. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेने पहिल्याच वर्षी कित्येक आठवडे बुडाले. विषय राहिले. याच काळात लग्नही मोडलं. १९५२ मध्ये त्यांनी लॉ स्कूल सोडलं. वकील ते कधीच झाले नाहीत.

या शेवटावरून विद्यापीठातल्या विरोधकांनी जे अनुमान काढलं असेल, ते मला इथे लिहायचंही नाही. माझं वाचन असं आहे : व्हिन्सन यांनी ज्या पोकळीचं वर्णन केलं, तिची भिंत प्रवेशाच्या हुकुमाने पडली, पण पोकळी पूर्णपणे भरली नाही. वर्गातल्या खोडाखोडीतून शिकायचं तर चुकायची मुभा लागते. इतर साडेआठशेजणांतला एखादा उत्तर चुकला तर तो एक विद्यार्थी चुकला. स्वेट चुकले तर एक अख्खा खटला चुकला असं पाहणारे त्यांच्याभोवती होते. रात्री जागून निकालपत्रं वाचणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एखादा सोबती लागतो, ज्याच्यापुढे ‘मला हे कळलेलं नाही’ असं म्हणता येतं. असा सोबती सदतीस वर्षांच्या, देशभर नाव झालेल्या माणसाला किती मिळाला असेल? न्यायालयात दोन्ही शाळांची पुस्तकं, प्राध्यापक, खोल्या मोजल्या गेल्या. अर्जदारात किती बळ शिल्लक आहे हे मोजायची सोय कुठल्याच अर्जात नव्हती.

याला प्रतिवाद आहे आणि तो मांडायलाच हवा. ओक्लाहोमाच्या एडा लुईस सिप्युएल यांनी १९४६ मध्येच अर्ज केला होता. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, तरी प्रत्यक्ष प्रवेश १९४९ मध्ये मिळाला. वर्गात त्यांना सगळ्यांपासून दूर, मागे, वेगळ्या खुर्चीवर बसवलं गेलं. त्यांनी शिक्षण पूर्ण केलं, आणि १९९२ मध्ये त्याच विद्यापीठाच्या नियामक मंडळावर त्यांची नेमणूक झाली. म्हणजे अशा परिस्थितीत माणूस मोडतोच असं नाही. पण त्या अर्ज करताना अवघ्या एकवीस वर्षांच्या होत्या. स्वेट यांची तुलना त्यांच्याशी करताना ही अकरा-बारा वर्षं विसरून चालणार नाही.

स्वेट यांनी पुढे अटलांटा विद्यापीठात समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि १९५४ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली. याच वर्षी ‘ब्राऊन’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधलं विभाजन घटनाबाह्य ठरवलं, आणि त्यासाठी ‘स्वेट’मधल्या ‘मोजता न येणाऱ्या गुणां’चा आधार घेतला. त्यानंतर स्वेट यांनी क्लीव्हलंडमध्ये एनएएसीपीसाठी आणि मग दोन दशकांहून अधिक काळ अटलांटात अर्बन लीग या काळ्यांच्या हितासाठी झटणाऱ्या संस्थेसाठी काम केलं. ३ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचं निधन झालं. २००५ मध्ये ऑस्टिनमधल्या ट्रॅव्हिस काउंटी न्यायालयाच्या इमारतीला त्यांचं नाव देण्यात आलं.

टेक्सस लॉ स्कूलमधून पदवी घेऊन बाहेर पडलेले पहिले काळे विद्यार्थी व्हर्जिल लॉट. ‘स्वेट’ निकालाने उघडलेल्या दारातून ते आत आले होते. स्वेट यांनी शाळा सोडली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांना पदवी मिळाली.